पायाळूंचे गुप्तधन

२०२५ च्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास दाराची घंटा वाजली. मी शब्दकोडे सोडवत बसलो होतो आणि आडव्या अकराला अडलो होतो. सौ.ने दार उघडले आणि तिथूनच म्हणाली, "अहो, तुमचे पिग्मीवाले अण्णा आलेत."

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी १९९१ ते १९९४ या काळात शाखाधिकारी होतो. अण्णा तिथले पिग्मी एजंट. तेव्हा सदतिशीचे होते, आज एकाहत्तरचे आहेत. संध्याकाळ झाली की सायकलच्या दांडीला खाकी पिशवी अडकवून ते बाजारपेठेतून निघत. सलूनवाला, चहावाला, शिंपी, भाजीवाल्या मावशी. कुणी दोन रुपये देई, कुणी पाच, दिवाळीच्या आधी कुणी दहा. कार्डावर आकडा, आकड्यापुढे सही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडायच्या आत रोकड शाखेत हजर. तीन वर्षांत त्यांच्या भरण्यात मला एकदाच फरक सापडला. चाळीस पैशांचा. मागाहून कळले की बेरीज माझीच चुकली होती. माझ्या एका कादंबरीत एक पिग्मी एजंट आहे. तो त्यांच्यावरूनच घेतला, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

चहा झाला, प्रकृतीच्या चौकश्या झाल्या. मग त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. रकाने आखलेले, अक्षर तेच, मोत्यासारखे. त्रेचाळीस नावे होती. प्रत्येकापुढे रक्कम, खाली बेरीज एक लाख चौऱ्याण्णव हजार. काही नावांपुढे लाल शाईने 'दिले' असे लिहिलेले. मला वाटले, भिशीची वही असेल.

"साहेब, हे सगळे माझे जुने पिग्मीवाले. ह्यांना मी फोनमधल्या खाणीत उतरवलं," अण्णा म्हणाले आणि खाली बघत राहिले.

झाले होते ते असे. २०२४ च्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्या तरुणाने अण्णांच्या फोनवर एक ॲप घालून दिले. सहाशे रुपये भरले की तुमचा फोन 'खाणयंत्र' होणार. रोज संध्याकाळी एकदा बटण दाबायचे, की रोजचे वीस रुपये जमा. तीस दिवसांत मुद्दल वसूल, पुढे सगळा नफा. आणखी कुणाला आणले तर त्याच्या रकमेचे शेकडा दहा आणणाऱ्याला. पहिले पाच आठवडे पैसे खरोखरच अण्णांच्या बँक खात्यात येत होते. मग अण्णा बाजारपेठेत बोलले. अण्णांनी सांगितल्यावर सलूनवाल्याने विचारलेसुद्धा नाही. कुणी सहाशे भरले, कुणी सहा हजार. सहाव्या आठवड्यात 'सुधारणा चालू आहे' असा निरोप पडद्यावर आला. सातव्यात, आधी अठरा टक्के कर भरा मग रक्कम सुटेल, असा आला. चौघांनी तोही भरला. आठव्या आठवड्यात ॲप उघडेनासे झाले.

मी काही बोलणार इतक्यात अण्णांनी मला गाठले. "तुमच्या भाच्याच्या फोनमध्येपण असलंच काहीतरी आहे ना, साहेब? तो मागे गावी आला होता तेव्हा दाखवत होता. त्याला पुढं पैसे मिळाले म्हणे. त्याच्यातही बटणच दाबायचं होतं. मग त्याचं खरं आणि माझं खोटं, हे ओळखायचं कसं?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण तेवढा साधा नाही. अण्णांना मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते अर्धवटच होते. ते पुरे करावे म्हणून हा लेख.

आधी माझी कबुली. २०२१ साली टाळेबंदीत माझ्या याच भाच्याने माझ्याही फोनवर एक बटण बसवले होते. "मामा, काही करायचं नाही. पैसे भरायचे नाहीत. दिवसातून एकदा दाबायचं, बस." मी सात महिने दाबले. सकाळी सहाला, चहाच्या आधी. का दाबले, असे कुणी विचारले तर सांगता येणार नाही. काही तरी साठते आहे या भावनेला माणूस भुलतो, आणि निवृत्त माणूस जरा जास्तच. मग एके दिवशी त्या ॲपने आधार कार्डाचे छायाचित्र आणि माझा हलता चेहरा मागितला. बँकेतल्या माणसाला कागद मागायची सवय असते, द्यायची नसते. मी ॲप काढून टाकले. तेव्हा हा लेख कुणा निर्मोही माणसाने लिहिलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता 'खाणकाम' या शब्दाकडे वळू, कारण सगळी गोम त्यातच आहे. बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या कुणा एकाने (की अनेकांनी) ऑक्टोबर २००८ मध्ये मांडली आणि ३ जानेवारी २००९ रोजी तिची पहिली नोंद झाली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही एक रोजकीर्द आहे. कुणी कुणाला किती दिले त्याची. फरक इतकाच की ती शाखेच्या कपाटात नसून हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. सुमारे दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते. हे पान कुणी जोडायचे? आमच्याकडे हेडक्लार्क जोडे, अधिकारी सही करी. इथे अधिकारी नाही. म्हणून एक शर्यत ठेवली आहे. पानावरच्या मजकुराला एक अंक जोडायचा आणि त्या सगळ्याचे गणिती सूत्राने एक ठरावीक लांबीचे रूप काढायचे. ते रूप ठरलेल्या मर्यादेच्या खाली आले पाहिजे. असा अंक शोधून काढायला बुद्धी लागत नाही, युक्ती चालत नाही. कुलपाचे आकडे एकामागून एक फिरवून पाहावेत तसे फिरवत बसायचे. ज्याला आधी सापडेल तो पान जोडतो, आणि मेहनताना म्हणून त्याला नवी नाणी मिळतात. सुरुवातीला पन्नास मिळत. सुमारे दर चार वर्षांनी ती निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आली आहेत. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत अशी तजवीज आहे.

म्हणजे हे खाणकाम खरे तर पहाऱ्याचे काम आहे. खोटी नोंद घालायची तर एवढीच वीज आणि एवढीच यंत्रे जाळावी लागतील, हे चोराला परवडू नये, अशी ती योजना. ती शहाणपणाची की उधळपट्टीची यावर वाद आहे आणि माझे मत उधळपट्टीच्या बाजूला झुकते. पण काम खरे आहे, एवढे कबूल केले पाहिजे.

हे काम फोनला जमेल का? आज या शर्यतीसाठी खास बनवलेले एखादे चांगले यंत्र सेकंदाला दोनशे लाख कोटी आकडे फिरवून पाहते आणि साडेतीन हजार वॅट वीज खाते. आपला फोन त्याच्यापुढे म्हणजे धरणाच्या पाण्याला तांब्याने उपसणे. असे लाखो फोन एकत्र केले तरी एका यंत्राची बरोबरी होता होता मारामार. तेव्हा 'फोनवर बिटकॉइन काढा' असे जो म्हणतो तो एक तर अडाणी आहे किंवा आपल्याला अडाणी समजतो आहे.

पण बिटकॉइन हे एकच नाणे नाही. मोनेरो नावाच्या नाण्याने २०१९ च्या अखेरीस आपले सूत्र मुद्दाम असे बदलले की खास यंत्रांना त्यात फायदा मिळू नये, साध्या संगणकालाही भाग घेता यावा. व्हेरस नावाचे २०१८ पासूनचे नाणे आहे. ते तर फोनच्या चिपवरही बऱ्यापैकी निघते आणि हौशी लोक जुने, फुटक्या काचेचे फोन फळीवर ओळीने मांडून ते काढत बसतात. ही झाली फोन-खाणकामाची पहिली जात. यात फोन खरोखर राबतो. किती कमावतो? तैवानच्या एचटीसी कंपनीने २०२० मध्ये आपल्या एका फोनवर मोनेरो काढण्याची सोय जाहीर केली, तेव्हा कमाईचा अंदाज होता दिवसाला ०.००३८ डॉलर. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. वर्षाला १ डॉलर ३९ सेंट. तेव्हाच्या भावाने शंभर-सव्वाशे रुपये. तो फोन होता २१९ युरोचा. म्हणजे फोनची किंमत फोनने वसूल करायला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागणार, आणि तोवर चार्जर तोच टिकला पाहिजे.

शिवाय राबणारा फोन तापतो. २०१७ मध्ये लोआपी नावाचा एक छुपा प्रोग्राम सापडला होता, जो मालकाच्या नकळत त्याच्या फोनवर मोनेरो काढी. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने तपासणीसाठी तो एका फोनवर चालू ठेवला, तर दोन दिवसांत बॅटरी फुगून फोनचे झाकण वर आले. २०१८ च्या जून-जुलैत ॲपल आणि गूगल या दोघांनी फोनवर प्रत्यक्ष खाणकाम करणारी ॲप आपापल्या दुकानांतून बाहेर काढली ती उगाच नव्हे. दूरच्या संगणकांवरचे खाणकाम फोनवरून नुसते हाताळणाऱ्या ॲपना मात्र मुभा राहिली. म्हणजे तेव्हापासून या अधिकृत दुकानांतून घेतलेल्या ॲपवर 'तुमचा फोन खाणकाम करतो आहे' असे लिहिले असेल, तर ते नियमानेच खरे असू शकत नाही. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे फोन गरम झाला नाही तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं." त्यांना दुकानातूनसुद्धा घ्यावे लागले नव्हते, त्या तरुणाने दुवा पाठवला होता.

आता दुसरी जात. भाच्याची, माझी, आणि जगातल्या कोट्यवधी लोकांची. इथे फोन राबत नाही; नुसते बटण दाबायचे. याची सुरुवात ब्रिटनमधल्या इलेक्ट्रोनियम या प्रकल्पाने केली असे म्हणता येईल. २०१७ मध्ये त्याने लोकांना नाणी विकून सुमारे चार कोटी डॉलर उभे केले आणि २०१८ मध्ये फोनवरचे 'खाणकाम' आणले. पण त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती की हे खाणकाम अनुकरणात्मक आहे. फोनची ताकद किती, ते बघून तेवढी नाणी खात्यावर टाकायची; प्रत्यक्ष काही खणायचे नाही. लुटुपुटीची भातुकली, पण खेळणाऱ्याला तसे सांगून. पुढे ते फोनचे खाणकाम त्यांनी बंदच केले, आणि नाण्याचा भाव आज एका सेंटच्याही खाली आहे.

त्याहून कितीतरी मोठा पसारा पाय नेटवर्कचा. १४ मार्च २०१९ रोजी, म्हणजे गणितवाल्यांच्या 'पाय' दिवशी, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पीएच.डी. मंडळींनी ते सुरू केले. निकोलस कोक्कालिस आणि चेंगदियाओ फॅन हे त्याचे प्रमुख. नाव ऐकून मी हसलो होतो. आपल्याकडे एका रुपयाच्या १९२ पै होत. आणि १९२८ साली दिवसाला दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव ज्यांच्या सिंडिकेट बँकेने आणली, त्या उडुपीच्या डॉक्टर टी. एम. ए. पै यांचे आडनावही तेच. (ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली.) पै-पै साठवणे हा शब्दप्रयोग आपण करत आलो; आता लोक पाय-पाय साठवू लागले.

पायची रचना चतुर आहे. चोवीस तासांतून एकदा विजेच्या चिन्हाचे बटण दाबायचे. त्यातून सिद्ध काय होते? इतकेच की तुम्ही जिवंत आहात आणि माणूस आहात. रोजकीर्दीची पाने जोडण्याचे काम तुमचा फोन करत नाही. ते इतर संगणक करतात आणि त्याची पद्धत शर्यतीची नसून परस्पर विश्वासाची आहे. म्हणून तुम्ही आपल्या ओळखीच्या तीन ते पाच भरवशाच्या माणसांचे वर्तुळ करायचे. वर्तुळ केले की तुमचा वेग वाढतो. नवा माणूस आणला की आणखी वाढतो, आणि तो रोज बटण दाबतो आहे ना, हे पाहायची काळजीही तुम्हालाच लागते. मूळ वेग सुरुवातीला तासाला ३.१ पाय होता. सभासद हजार झाले की तो निम्मा, दहा हजार झाले की पुन्हा निम्मा, असे करत एक कोटी सभासदांनंतर तो ०.१ वर आला. लवकर या, नाही तर उरणार नाही, हे त्या रचनेतच घातले होते.

आमच्या आजोळी एक पायाळू गृहस्थ होते. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे गुप्तधन दिसते, अशी समजूत. लोक त्यांना अमावास्येला बोलावून नेत, कोपऱ्यात बसवत. ते बिचारे म्हणत, "हां, दिसतंय काहीतरी." कारण दिसत नाही म्हटले तर चहाही मिळायचा नाही. सहा वर्षे कोट्यवधी लोकांना फोनच्या काचेखाली असेच काहीतरी दिसत होते. आकडा वाढायचा, पण त्याला भाव नव्हता, बाजार नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये जाळे सुरू झाले ते कुंपण घालून. नाणे बाहेर नेता येत नव्हते. अखेर २० फेब्रुवारी २०२५ ला कुंपण उघडले. आठवड्याभरात भाव तीन डॉलरच्या उंबरठ्याला टेकला. मार्च सरता सरता एका डॉलरच्या खाली आला आणि वर्ष संपताना वीस सेंटच्या आसपास होता. ज्यांनी १४ मार्च २०२५ पर्यंत ओळखपत्रांची पडताळणी केली नव्हती, त्यांची फोनवर साठवलेली बहुतेक शिल्लक नियमाप्रमाणे गेली. बायबिट या मोठ्या बाजाराच्या प्रमुखांनी हे नाणे आपल्याकडे घेणार नाही असे जाहीरपणे सांगितले. इतर काहींनी घेतले.

मग ही फसवणूक आहे का? माझा भाचा मला भेटला की हे हमखास विचारतो, आणि मी 'नाही' म्हटले की खूष होतो. नाही, कारण त्याने पैसे भरले नव्हते, नाणे खरोखर बाजारात आले, आणि त्याने सुरुवातीच्या वर्षांतले थोडे विकून एक बऱ्यापैकी सायकल घेतली. पण माझे उत्तर तिथे संपत नाही, आणि तो पुढचे ऐकायला थांबत नाही. 'फुकट' या शब्दाला माझा आक्षेप आहे. त्याने रोज हजेरी दिली. आपली ओळखपत्रे दिली. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे आपल्या ओळखी दिल्या: आई, मामा, दोन मित्र, कचेरीतला शिपाई. नवे नाणे काढणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते ते ते घेणारी माणसे मिळवणे. ते काम भाच्याने केले. आमच्या बँकेत ठेवी आणणाऱ्याला एजंट म्हणत आणि त्याला शेकडा दोन-तीन रुपये रोख दलाली मिळे. भाच्याला कुणी एजंट म्हटले नाही, 'खाणकामगार' म्हटले. शब्द बदलला की मजुरीही बदलते. खाणीतला माणूस स्वतःला दोष देतो, 'मला कमी सापडले.' एजंट मात्र विचारतो, 'माझी दलाली किती आणि केव्हा?'

२०२० पासूनचे बी नेटवर्क याच वळणाचे आहे, त्याबद्दल वेगळे काही लिहावेसे वाटत नाही. टेलिग्रामवरचा हॅमस्टर कॉम्बॅट नावाचा खेळ मात्र २०२४ मध्ये आमच्या सोसायटीच्या रखवालदाराचा मुलगा दिवसरात्र खेळत असे. पडद्यावरच्या उंदरासारख्या प्राण्यावर बोट आपटत राहायचे. तीस कोटी खेळाडू असल्याचा त्यांचा दावा होता. २६ सप्टेंबर २०२४ ला नाणी वाटली, आणि पदरात पडलेली रक्कम पाहून जगभर ओरड झाली. त्या मुलाला विचारले तर म्हणाला, "काका, अंगठा दुखला तेवढा." अभ्यासाचे कुणी विचारले नाही.

या दुसऱ्या जातीला मी चार प्रश्न विचारतो, आणि ते बँकेच्या नोकरीतूनच आलेले आहेत. माझी शिल्लक कुणाच्या वहीत देणे म्हणून लिहिलेली आहे? पिग्मीत ती बँकेच्या वहीत देणे असते, आणि बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळ भरते. २०२० पूर्वी ती मर्यादा एक लाख होती. पायमध्ये हे देणे कुणाचेच नाही. भाव म्हणजे पुढचा माणूस देईल तो. दुसरे, एकूण किती नाणी निघणार आणि काढणाऱ्यांकडे किती राहणार? पायची कमाल मर्यादा १० हजार कोटी नाण्यांची आहे, त्यातली ६५ टक्के खाणकाम करणाऱ्यांसाठी. बिटकॉइनच्या २ कोटी १० लाखांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. तिसरे, नियम कोण बदलतो आणि मला विचारून बदलतो का? चौथे, मी आज उठून जायचे म्हटले तर काय घेऊन जाईन? पहिल्या जातीच्या मोनेरोला शेवटचे दोन प्रश्न विचारले तर निदान समाधानकारक उत्तर मिळते: नियम सर्वांच्या डोळ्यांदेखत बदलतात आणि काढलेले नाणे त्या क्षणापासून तुमचे असते. फोनवर दिवसभरात निघते ते पावभर शेंगदाण्यांच्याही किमतीचे नसते, ही गोष्ट वेगळी.

तिसरी जात अण्णांची. तिला प्रश्न विचारायचीच गरज नाही. आधी पैसे भरा, रोज ठरावीक परतावा घ्या, माणूस आणा आणि टक्के घ्या. हे खाणकाम नाही आणि यात क्रिप्टोही नाही; ही जुनीच साखळी आहे, फक्त कपडे नवे. नव्वदच्या दशकात सागवानाची झाडे होती, पुढे शेळ्या आल्या. गेनबिटकॉइन प्रकरणात बिटकॉइनच्या खाणकामातून महिन्याला दहा टक्के देऊ असे आमिष होते. त्यात २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. सरासरी बुद्धीचा माणूस महिना दहा टक्के ऐकून सावध होतो. अण्णांना मात्र दिवसाला वीस रुपये सांगितले होते. पिग्मीवाल्याला दिवसाच्या भाषेत सांगितले की पटते. सहाशेवर दिवसाला वीस म्हणजे महिन्याला शंभर टक्के, हा हिशेब ज्या माणसाने आयुष्यभर माझ्या चुका काढल्या त्याने केला नाही. मी हे बोललो नाही. त्यांनी तो नंतर केला होता. वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने मांडलेला मला दिसला.

आणि तरीही अण्णांचा प्रश्न उरतोच. तिसऱ्या जातीला गिऱ्हाईक मिळते कसे? दुसऱ्या जातीने जमीन नांगरून ठेवलेली असते म्हणून. बटण दाबले की धन येते, फोन हा एक प्रकारची खाण आहे, माणूस आणला की वेग वाढतो, हे सगळे कोट्यवधी लोकांच्या अंगवळणी स्टॅनफर्डच्या विद्वानांनी पाडले. त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, हे खरे. पण सहाशे रुपये मागणाऱ्या भामट्याला आता काही समजावून सांगावे लागत नाही. भाच्याचा फोन पाहिला नसता तर अण्णा त्या तरुणाला दारातूनच परत पाठवते, असे ते स्वतःच म्हणाले. माझ्या 'नाही, ही फसवणूक नव्हे' या उत्तराने भाचा खूष होतो तेव्हा मला हे आठवते आणि माझे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. शब्द खोटा वापरला याला कायद्यात शिक्षा नसेल. पण लेखक म्हणून मला तो गुन्हा वाटतो. बटण दाबणे म्हणजे खाणकाम नव्हे. 'हजेरी' म्हणा, 'वाटप' म्हणा, 'जाहिरात' म्हणा. या शब्दांवर कुणी घर सोडून धावत येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

सरकारचे काय, असे सौ.ने मध्येच विचारले. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ लाच लोकांना सावध केले होते. २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि खाणकामाच्या यंत्रांचा खर्चही धरता येत नाही. म्हणजे सरकार हे धन कायदेशीर चलन मानत नाही, पण त्यातला आपला वाटा मात्र बरोबर मोजून घेते. भाच्याच्या सायकलीवर कर भरला का, हे मी विचारले. तो म्हणाला, "मामा, तुम्ही रिटायर झालात ना?"

अण्णांचे येणे मात्र एवढे ऐकायला नव्हते. राहत्या घरामागची दोन गुंठे जागा विकून त्रेचाळीस जणांचे पैसे फेडायचे, असे त्यांच्या मनात होते. एकसष्ट हजार त्यांनी आधीच साठवणीतून दिले होते. लाल शाई ती. पिग्मी एजंटाला पेन्शन नसते. मी म्हटले, "अण्णा, आधी पोलिसांत जा. १९३० ला फोन करायला हवा होता तो पहिल्याच दिवशी, तेव्हा रक्कम अडवता आली असती. आता निदान तक्रार तरी द्या."

"तक्रारीत माझंच नाव येईल, साहेब. आणणारा मीच. दहा टक्के मी घेतलेत. एकोणीस हजार चारशे नाही, पण अकरा हजार घेतलेत. पुढचे आलेच नाहीत."

ते चुकीचे बोलत नव्हते. १९७८ चा जो कायदा अशा पैसाफिरवीच्या योजनांना बंदी घालतो, तो सभासद गोळा करणाऱ्यालाही सोडत नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मी अनेकांना गप्प राहण्याचा सल्ला देणारे वकील पाहिले आहेत, आणि त्या वकिलांचे अशील नंतर कसे गोत्यात आले तेही. मी अण्णांना सांगितले की जागा विकू नका, आणि गप्पही राहू नका. जे घेतले ते अकरा हजार आधी परत करा, पावत्या घ्या, आणि मग जे झाले ते सगळे लिहून द्या. लपवणाऱ्या एजंटापेक्षा सांगणाऱ्या एजंटाचे पोलीस अधिक ऐकतील अशी मला आशा आहे. खात्री देता आली नाही. सौ.ला माझा हा सल्ला पटलेला नाही. ती म्हणते, म्हाताऱ्या माणसाला तुम्ही संकटात घालताय.

अण्णा बराच वेळ वहीवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "तुम्ही लिहा. माझं अक्षर चांगलं आहे, पण असलं मला लिहिता येत नाही."

जेवणे होईपर्यंत मी तक्रार लिहिली. ॲपचे नाव, तारखा, रकमा, त्या तरुणाचा नंबर. शेवटी यादी जोडली. फसवणूक झालेल्यांचे नाव, रक्कम, आणि 'कुणाच्या सांगण्यावरून' असा तिसरा रकाना. अण्णांनी स्वतःचेही सहाशे रुपये भरले होते, त्यामुळे पहिल्या ओळीत त्यांचे नाव आले. तिसऱ्या रकान्यात खाली दुसऱ्या ओळीपासून त्रेचाळीस वेळा त्यांचेच नाव लिहायचे होते. मी 'वरीलप्रमाणे' अशा खुणा करू लागलो तर त्यांनी मला थांबवले आणि पेन मागितले. कार्डावर सही करत तशी, प्रत्येक नावापुढे त्यांनी आपले पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहिले. त्याला पाऊण तास लागला. दुपारच्या साताऱ्याच्या एस.टी.त मी त्यांच्याबरोबर बसलो.